वाटाड्याचं फाटक

"नाव ठेवायचं नाही, आणि नावं ठेवायची नाहीत."

आमच्या कत्तलखान्यात नव्याने लागलेल्या प्रत्येकाला मुकादम पहिल्याच दिवशी हे सांगायचे. वाक्याचा पहिला अर्धा भाग जनावरांसाठी होता. वाडग्यात, म्हणजे जनावरांच्या कोंडवाड्यात, उतरवलेल्या मेंढराला कौतुकाने काही म्हणून हाक मारायची नाही. हाक मारली की ते मान वर करून बघतं, आणि एकदा त्याने बघितलं की माणसाचा हात जड होतो. दुसरा अर्धा भाग माणसांसाठी. दुपारी आमच्याकडचं मटण बोटं चाटून खाणारे लोक संध्याकाळी बाकावर आमच्या शेजारी बसताना नाक मुरडायचे. त्यांना नावं ठेवायची नाहीत, असं मुकादमांचं म्हणणं. "ढेकर त्यांचा, वास आपला. चालायचंच."

मी मोठ्या फाटकावर बसायचो. गाडी आली की उघडायचं, गेली की लावायचं, त्यामुळे बघायला वेळ भरपूर. मुकादमांना मी जितकं बघितलं तितकं त्यांच्या बायकोनेही बघितलं नसेल, आणि हे तीच मला एकदा म्हणाली होती.

मुकादम उंच होते, खांद्यात थोडे वाकलेले. कडेवर झोपलेलं मूल आहे आणि ते जागं होता कामा नये, तसे चालायचे. आवाज कधी चढला नाही. हातात काठी असायची, ती टेकायला. इतक्या वर्षांत तिने एकाही मेंढराच्या पाठीवर वळ उठवला नाही, आणि याचा त्यांना अभिमान होता. दुसरा अभिमान याहून मोठा. त्यांनी कधी सुरी हातात धरली नव्हती.

कारण मुकादमांचं काम कापण्याचं नव्हतं, नेण्याचं होतं. वाडग्यापासून आतल्या खोलीपर्यंत एक लांब बोळ होता. सिमेंटचा, दोन्ही बाजूंना छातीएवढ्या भिंती, शेवटी वळण. मेंढरू अंधारात शिरत नाही. ओल्या जमिनीच्या चकाकीवर पाय ठेवत नाही. वाटेत साधी बादली दिसली तरी अडतं, आणि एक अडलं की सगळी अडतात. म्हणून रोज सकाळी मुकादम स्वतः बोळ झाडायचे, ओल पुसून काढायचे, वळणावरचा दिवा लावायचे, भिंतीवर कुणाचं फडकं राहिलं असेल तर उचलायचे. पाहुणे यायचे असावेत अशी ती तयारी असायची. मग वाटाड्याला आणायचे.

वाटाड्या म्हणजे एक बोकड. पांढरा, एक कान काळा, शिंगं मागे वळलेली, दाढी पिवळी पडलेली. मेंढरं माणसाला बिचकतात, पण पुढे बोकड निघाला की मान खाली घालून त्याच्यामागे चालू लागतात. कुठे जायचं ते पुढच्याला माहीत आहे, एवढं त्यांना पुरतं. वळणाच्या अलीकडे डाव्या भिंतीत एक अरुंद फाटक होतं, त्याला आम्ही कडेचं फाटक म्हणायचो. त्याची किल्ली मुकादमांच्या कमरेला. वाटाड्या तिथे पोचला की मुकादम फाटक उघडायचे, तो अंग चोरून अंगणात निसटायचा, आणि शेपूट बाहेर पडते न पडते तोच मुकादम गुडघ्याने फाटक लोटून द्यायचे. मागचं मेंढरू क्षणभर थबकायचं. पण त्याच्या मागून बाकीची रेटत आलेली असायची आणि समोर दिवा दिसत असायचा. ती पुढे जायची. इकडे अंगणात वाटाड्या, फाटकावरून खाली धरलेल्या मुकादमांच्या मुठीतलं धान्य खायचा.

तो गुडघा बघण्यासारखा होता. आवाज नाही, धक्का नाही. सवयीच्या माणसाने मिठाच्या बरणीतून मीठ काढावं तसं, न बघता.

एकदा एका नव्या गड्याने मुकादमांना पकडलं. "मुकादम, नाव ठेवायचं नाही म्हणता, मग वाटाड्या हे काय आहे?"

"ते नाव नव्हे. ते काम आहे. मी मुकादम, हा फाटकवाला, तू हुकावर लटकावणारा, तसा तो वाटाड्या. याच्या आधीचा होता तोही वाटाड्याच, त्याच्या आधीचाही."

"ते कुठे गेले?"

"म्हातारे होऊन मेले. भिंतीपलीकडे पुरलेत. कामावरच्याला आपण कापत नाही."

"हे बरं आहे. म्हणजे मला धोका नाही!"

सगळे हसले. मुकादमही हसले. हसताना ते तोंडावर हात धरायचे, कुणी झोपलं असेल तर उठू नये म्हणून.

मुकादमांना एकच लेक. लहानपणी ती बापाचा डबा घेऊन यायची आणि कडेच्या फाटकापाशी अंगणात उभी राहायची. वाटाड्याला धान्य ती द्यायची. तिला वाटायचं, वाटाड्या मेंढरांना जेवायला पोचवून येतो आणि ती आत पंगतीला बसलेली असतात. कुणी तिचा समज मोडला नाही. मग एके दिवशी ती खेळता खेळता इमारतीला वळसा घालून मागच्या दाराशी गेली, जिथे गाडीत माल चढतो. परत आली तेव्हा तिच्या मुठीत धान्य तसंच होतं. ओरडली नाही, रडली नाही. त्या दिवसापासून तिने मटणाला हात लावला नाही, आणि वाटाड्यालाही.

घरात मग दोन पातेली चढू लागली. मुकादमांची बायको म्हणायची, "बापाचं वेगळं, लेकीचं वेगळं, आणि घासायला मी एकटी. तत्त्वं त्यांची, राख माझ्या नखांत."

बापलेकीत कधी भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं मुकादम एकदा मला म्हणाले होते. लेक काही बोलायचीच नाही. जेवताना फक्त बापाच्या ताटाकडे न बघता पाण्याचा तांब्या पुढे सरकवायची. ते न बघणं मुकादमांना फार लागायचं. ते हळूहळू घास लहान करत गेले, पण खायचं सोडलं नाही. "आवडतं मला. खोटं कशाला सांगू? आणि तोंडाने खाऊन मनाने उपास धरण्यात काय अर्थ?"

लेक शिकली, आणि नशिबाचा फेरा असा की कामाला लागली ती आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. मालकाने वर नवा कारखाना टाकला होता. वाटाण्यापासून मटण करायचा. वाटाणे दळायचे, त्यातला सकस भाग वेगळा काढायचा, तो वाफेवर मळायचा आणि एका यंत्रातून दाबून काढायचा. यंत्राच्या तोंडातून लोकरीच्या लडीसारखे धागे बाहेर पडायचे. कापले की आतून तंतू दिसायचे, थेट मांसासारखे. खाली मेंढरं आणि वर शेंगा, असा एक हंगाम गेला. जिन्यावर दोन वास एकमेकांना भेटायचे.

आमच्या गड्यांना तर विषयच मिळाला. "खाली वाटाड्या, वर वाटाणा! मधल्यामध्ये आपला भुगा." आणि जेव्हा कळलं की वरचं चाललं तर खालचं बंद होणार, तेव्हा हुकावरचा गडी म्हणाला, "बघा, शेवटी मालकाने वाटाण्याच्या अक्षता लावल्याच." हसू आलं, पण ते कुणाच्या पोटापर्यंत गेलं नाही.

पहिला चांगला घाणा निघाला तेव्हा लेकीने तो घरी आणला. मला जेवायला बोलावलं होतं. त्या दिवशी बायकोने एकच पातेलं चढवलं, आणि चुलीपुढे कंबरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत उभी राहिली. "एक पातेलं," ती म्हणाली. "केवढं मोकळं दिसतंय."

मुकादमांनी घास घेतला. लेक बापाच्या तोंडाकडे बघत होती. कितीतरी वर्षांनी जेवताना ती बापाकडे बघत होती, आणि म्हणून मुकादम जरा जास्तच वेळ चावत राहिले.

"कसं आहे, बाबा?"

"चव आहे."

"आणि?"

"याला वाट चालावी लागली नाही, ते कळतं."

"म्हणजे? हे कौतुक आहे की नावं ठेवताय?"

"नावं मी ठेवत नाही, पोरी. कळलं ते सांगितलं." त्यांनी दुसरा घास घेतला. "वाटाण्याच्या शेतात उंदीर असतात ना? घुशी, पाखरं?"

"असतात."

"मग नांगरताना?"

"मरतात, बाबा. कमी मरतात, पण मरतात. मी कुठे म्हणते आमचे हात धुतलेले आहेत?"

"माझे आहेत. मी एकालाही मारलं नाही. सुरीने नाही, काठीने नाही. भीती वाटू नये म्हणून रोज बोळ झाडला."

लेकीने ताट बाजूला सरकवलं. ती जे बोलली ते तिने कितीतरी वर्षं तोंडात धरून ठेवलं असणार. "भीती वाटली असती तर बरं झालं असतं, बाबा. निदान थांबली तरी असती. आणि तुम्ही मारलं नाहीत, तर मग वाटाड्यानेही मारलं नाही. तो तर बिचारा मूठभर धान्यासाठी चालतो. तुम्ही कशासाठी?"

बायको म्हणाली, "अगं बये, तुझ्या शाळेच्या फीसाठी. आता खा, निवतंय."

 मुकादमांनी ताट स्वच्छ केलं. उठताना जमिनीवर हात टेकला, आणि तो पुन्हा उचलायला त्यांना वेळ लागला. त्यानंतर कामावर ते मला निराळे दिसू लागले. बोळ झाडायचे, पण मधेच झाडू उभा धरून थांबायचे. कडेच्या फाटकापाशी गुडघा पुढे करायच्या आधी एक श्वास घ्यायचे. विचारलं तर म्हणायचे, "काही नाही रे. रात्रीची झोप घेतली तरी दिवसाचा थकवा जागाच राहतो."

खालचं काम बंद व्हायचा दिवस ठरला. शेवटची मेंढरं वाडग्यात आली. मॅनेजर साहेब सकाळीच खाली उतरले. माणूस तसा वाईट नव्हता, नवीन होता, आणि त्याच्यावर सगळं मोकळं करून द्यायची घाई होती. माझ्या फाटकासमोरच बोलणं झालं.

"मुकादम, हा शेवटचा लॉट. वाटाड्यासकट."

"वाटाड्या लॉटमध्ये नसतो, साहेब. तो कामावरचा आहे."

"अहो, कामच बंद झालं ना."

"मग?"

"मग काम नाही तर कामावरचा कसला? आता तो नुसता बोकड. मी सकाळी त्याचं वजनही करून घेतलं."

साहेबांनी हे छद्मीपणाने म्हटलं नव्हतं. सरळ विचार केला तर तसंच होतं, म्हणून म्हटलं. पण मुकादम काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. "आणि उद्यापासून मी कोण, साहेब?"

"तुमचं वरती ठरलंय की! तुमच्या मुलीनेच सुचवलं. कारखाना बघायला लोक येतील, त्यांना फिरवायचं. पूर्वी इथे काय होतं, आता काय आहे, ते सांगायचं. तुम्हाला इथली वाट न वाट माहीत. पुढे तुम्ही, मागे ते."

"पुढे मी, मागे ते," मुकादम म्हणाले, आणि तोंडावर हात धरून हसले. साहेबही हसले. त्यांना वाटलं, म्हातारा खूश झाला.

"आणि ते बाजूचं फाटक आज बंदच ठेवा हं."

मुकादमांनी बोळ झाडला. ओल पुसली. दिवा लावला. वाटाड्या नेहमीसारखा पुढे निघाला, मेंढरं मागे, मुकादम त्याच्या बाजूने. वरच्या मजल्यावर यंत्र चालू होतं, त्याची घरघर भिंतीत उतरत होती.

कडेच्या फाटकापाशी वाटाड्या थांबला आणि नाक कडीला लावून उभा राहिला. फाटक उघडलं नाही. त्याने ओढाओढ केली नाही, शिंगं मारली नाहीत. ते उघडणार याबद्दल त्याला शंका नव्हती. उशीर होतोय, एवढंच. मेंढरं त्याच्या मागे दाटली आणि तीही उभी राहिली. वळणापलीकडून गडी ओरडला, "मुकादम, सोडा की पुढे!"

मुकादमांनी त्याची मान वळणाकडे वळवून बघितली. वाटाड्या एक पाऊल गेला आणि परत येऊन त्याने कडीला नाक लावलं.

मी माझ्या जागेवरून अंगण ओलांडून त्या भिंतीपाशी गेलो होतो. मला भिंतीवरून मुकादमांचा चेहरा दिसत होता. कामावरून काढलेल्या बोकडाला त्यांनी काय म्हणावं? वाटाड्या म्हणायची सोय आता राहिली नव्हती. नुसता बोकड म्हटलं तर तो आतच जाणार. मुकादम वाकले आणि त्या काळ्या कानाशी तोंड नेऊन त्यांनी त्याला हाक मारली. नावाने. एकदा हळू, मग जरा मोठ्याने.

वाटाड्याने कान झटकला. त्याला नावाची सवय नव्हती.

वरची खिडकी धाडकन उघडली, आणि पांढरी टोपी घातलेलं डोकं बाहेर आलं. "काय हो, बाबा?"

सगळा कत्तलखाना हसला. हुकावरचा गडी म्हणाला, "अहो मुकादम, बोकडाला पोरीचं नाव!" काय करणार? जन्मात त्या माणसाने एकच नाव ठेवलं होतं, आणि वेळेला तोंडात तेच आलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. लेकीचं घरातलं नाव आहे, आणि मुकादमांचं वाक्य मी अजून पाळतो.

मुकादम हसले नाहीत. खिडकीकडे बघून म्हणाले, "तुला नव्हे, पोरी." आणि कमरेची किल्ली काढून त्यांनी कडेचं फाटक उघडलं.

साहेब वळणावरून धावत आले. "मुकादम! अहो, वजन झालंय त्याचं! तुमच्या पगारातून कापीन हं मी!"

"कापा, साहेब. आज कापायचाच दिवस आहे."

वाटाड्या अंग चोरून बाहेर निसटला. त्याच्यामागे, एरवी कधी नाही ते, मुकादमही अंग चोरून बाहेर आले. आणि शेपटीचं टोक, धोतराचा सोगा बाहेर पडतो न पडतो तोच त्यांनी गुडघ्याने फाटक लोटून दिलं. आवाज नाही, धक्का नाही. या खेपेला बाहेरच्या बाजूने.

पहिलं मेंढरू फाटकाच्या फळीवर येऊन आदळलं. मग दुसरं. ती वाटाड्याच्या मागे निघाली होती आणि वाटाड्या इकडे होता. आतून त्यांचा श्वास ऐकू येत होता.

लेक जिना उतरून अंगणात आली, टोपी हातात. आधी तिने बोकडाकडे बघितलं, मग फाटकाकडे.

"बाबा, याला काढलंत. ठीक केलंत. पण फाटक का लावलंत?"

मुकादमांनी आपल्या गुडघ्याकडे बघितलं. आपलाच आहे ना याची खात्री करावी तसं. "सवयीने गं," ते म्हणाले.

"सुटला तो कोण, तर सगळ्यांना पोचवणारा."

"दोन सुटले," मुकादम म्हणाले. "दोघंही तसलेच."

 मुकादमांनी खिशातलं धान्य काढलं आणि मूठ तिच्यासमोर धरली. लहानपणी तिची ओंजळ भरायचे तशी. ती तशीच उभी राहिली. मग तिने हात पुढे केला, धान्य घेतलं, आणि वाटाड्याच्या तोंडाशी धरलं. तो खात असताना तिने मान दुसरीकडे वळवली, पण हात मागे घेतला नाही.

"उद्या वर येणार ना, बाबा?" तिने विचारलं.

"नाही. पुढे चालायचं काम मला आता नको. जेवायला तुझंच शिजवू. आईला एकच पातेलं घासू दे." मुकादम काठी घेऊन निघाले. "तोंडाला सवय होईल. तोंडाचं काय."

मी मोठं फाटक उघडलं. वाटाड्या रस्त्यावर आला आणि उभा राहिला. पुढे मोकळी सडक, दुतर्फा दुकानं, सायकली, आणि त्याला एक पाऊल टाकता येईना. मुकादम पुढे होऊन "चल, चल" म्हणाले, तरी नाही. मग आमच्या लक्षात आलं. जन्मभर तो मागे पावलं वाजली की चालत आला होता. मुकादम वळसा घालून त्याच्या मागे गेले आणि चपला घासत त्यांनी उभ्याउभ्या पावलं वाजवली. वाटाड्या लगेच निघाला.

तेवढ्यात बोळातून पाठीवर काठी बसल्याचा आवाज आला. पुढे कुणी नसल्यामुळे मेंढरं हलत नव्हती, आणि गड्यांनी जे हाताला लागलं ते उचललं होतं. त्या बोळात तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मुकादमांनीही ऐकला. ते रस्त्यात थांबले. पावलं थांबली तसा वाटाड्याही थांबला आणि मागे वळून बघू लागला. मुकादमांनी मान वळवली नाही. आत बराच वेळ तो आवाज चालू होता. मग त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि पाऊल उचललं.

पुढे बोकड, मागे मुकादम, असे ते उतारावरून गेले. कुठे जायचं ते दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं, पण बोकडाची चाल अशी होती की बघणाऱ्याला वाटावं, याला माहीत आहे. वळणावर काळा कान दिसेनासा झाला, मग काठी. मी फाटकाला हात लावून उभा होतो. लेक माझ्या शेजारी, ओल्या तळव्याला चिकटलेला एक दाणा बोटाने सोडवत. आणि मागे भिंतीवर एक मेंढरू कसंबसं पुढचे पाय ठेवून उभं राहिलं होतं. तेही त्याच बाजूला बघत होतं.